पिक्सेल आर्ट मोठं करताना धूसर होऊ नये म्हणून

१६ बाय १६ पिक्सेलचं चित्र म्हणजे सगळे मिळून २५६ चौकोन. एवढ्याशा जागेत एखादा चेहरा, तलवार किंवा झाड उभं करायचं असतं, त्यामुळे काढणाऱ्याने एकेक चौकोन विचार करून ठेवलेला असतो. डोळ्याचा काळा ठिपका एक घर डावीकडे सरकला तरी चेहऱ्यावरचा भाव बदलतो. आजच्या स्क्रीनवर असं चित्र नखाएवढं दिसतं. म्हणून आपण ते इमेज एडिटरमध्ये उघडतो, रुंदी-उंची वाढवतो, ओके दाबतो, आणि कडा विरघळलेलं, भलत्याच छटा आलेलं, फोकस चुकलेल्या फोटोसारखं काहीतरी समोर येतं.

यात चित्राचा दोष नसतो आणि सॉफ्टवेअरही बिघडलेलं नसतं. बहुतेक एडिटर फोटो डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असतात, आणि फोटो मोठा करताना दोन रंगांच्या मधली जागा हळुवार छटांनी भरणं हेच योग्य असतं. पिक्सेल आर्टला नेमकं तेच मारक ठरतं. म्हणून एडिटरला दोन गोष्टी आपण स्वतः सांगायच्या: मधले रंग तयार करू नकोस, आणि पूर्ण पटीतच वाढव. या दोन गोष्टी नीट समजल्या की कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये काम होतं. मेनूंची नावं तेवढी वेगळी असतात.

नको असलेले रंग येतात कुठून

समजा एका ओळीत दोनच पिक्सेल आहेत, एक काळा आणि एक पांढरा. आकड्यांत काळा म्हणजे ० आणि पांढरा म्हणजे २५५. ही ओळ चौपट केली की आठ पिक्सेल लागतात. मूळ माहिती दोनच पिक्सेलची आहे, मग उरलेल्या जागी काय भरायचं हे सॉफ्टवेअरने ठरवायचं असतं. या भरण्याच्या पद्धतीला इंटरपोलेशन किंवा रीसॅम्पलिंग म्हणतात.

‘लिनिअर’ पद्धत निवडली असेल तर ते आठ पिक्सेल साधारण असे येतात: ०, ०, ३२, ९६, १५९, २२३, २५५, २५५. मूळ ओळीत राखाडी रंग नव्हताच, आता चार राखाडी छटा आल्या. काळा कुठे संपतो आणि पांढरा कुठे सुरू होतो हे आता सांगताच येत नाही, आणि यालाच आपण धूसरपणा म्हणतो. ‘क्युबिक’ पद्धत आजूबाजूचे १६ पिक्सेल बघून हिशेब करते. फोटोवर तिचा परिणाम देखणा येतो, पण कडक कडांपाशी ती रंग गरजेपेक्षा जास्त ताणते, त्यामुळे गडद रेषेला लागून एक उजळ झालर दिसू लागते.

‘नियरेस्ट नेबर’ पद्धतीत हिशेब काहीच नसतो. नव्या पिक्सेलच्या जागेला मूळ चित्रातला सर्वांत जवळचा पिक्सेल कुठला ते बघायचं आणि त्याचाच रंग उचलायचा. वरच्या ओळीचं उत्तर मग येतं ०, ०, ०, ०, २५५, २५५, २५५, २५५. एकही नवा रंग नाही. आपल्याला हवी ती हीच पद्धत. काही सॉफ्टवेअरमध्ये तिला ‘नन’ म्हणतात, काहींत ‘पॉइंट’, काहींत ‘हार्ड एजेस’.

पट पूर्णच हवी

नियरेस्ट नेबर निवडूनही चित्र वेडंवाकडं दिसतंय अशी तक्रार नवशिक्यांकडून हमखास येते. अशा वेळी आधी पट तपासायची. दुप्पट, तिप्पट, आठपट चालेल. अडीचपट चालणार नाही.

१६ पिक्सेल रुंदीचा चेहरा अडीचपट केला तर रुंदी ४० होते. पण अर्धा पिक्सेल नावाची वस्तू नसते, म्हणून मूळचा एक रकाना २ पिक्सेल रुंद होतो आणि शेजारचा ३. चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा काढलेला असेल तर एक डोळा डावीकडून सहाव्या रकान्यात असतो आणि दुसरा उजवीकडून सहाव्या, म्हणजेच डावीकडून अकराव्या रकान्यात. एक सम, दुसरा विषम. परिणामी एक डोळा दुसऱ्यापेक्षा दीडपट रुंद होतो. रंग सगळे बरोबर, कडा कडक, तरीही चेहरा बिघडलेला.

‘मला रुंदी बरोबर १०८०च हवी’ अशी गरज असेल तेव्हा पट ओढूनताणून बसवू नका, कॅनव्हास वाढवा. गेम बॉय या हातात धरायच्या जुन्या गेमयंत्राच्या स्क्रीनचं उदाहरण घ्या. ती १६० बाय १४४ पिक्सेलची होती. १९२० बाय १०८० च्या चौकटीत ती जास्तीत जास्त सातपट बसते, म्हणजे ११२० बाय १००८. वर-खाली ३६ आणि डावी-उजवीकडे ४०० पिक्सेल जागा उरते, ती एका सपाट रंगाने भरून टाकायची. उंची पूर्ण भरावी म्हणून साडेसातपट केलं की पुन्हा तोच डोळ्यांचा घोटाळा.

नवं चित्र काढायला बसत असाल तर ही आकडेमोड आधीच करून ठेवा. ३२० बाय १८० चा कॅनव्हास सहापट केला की बरोबर १९२० बाय १०८० होतो आणि बारापट केला की ३८४० बाय २१६०. ६४० बाय ३६० चा तिप्पट आणि सहापट बसतो. सुरुवातीला दोन मिनिटं हिशेब केला की नंतरची ओढाताण वाचते.

अगदीच नाइलाज असेल, म्हणजे समोरच्याने ठरावीक आकार मागितला आहे आणि कडेला जागा सोडायची मुभा नाही, तर एक मधला मार्ग आहे. आधी नियरेस्ट नेबरने चित्र बरंच मोठं करा, उदाहरणार्थ दहापट. मग ते लिनिअर किंवा क्युबिक पद्धतीने हव्या त्या आकारापर्यंत लहान करा. अडीचपटीसाठी दहापट करून २५ टक्क्यांवर आणायचं. चौकोन डोळ्यांना सारखे दिसतात, फक्त काही सीमांवर एका पिक्सेलची फिकी कड राहते. थेट अडीचपट करण्यापेक्षा हे कितीतरी बरं, तरी पूर्ण पटीची सर त्याला नाही.

सुरू करण्याआधी मूळ फाइल बघा

चित्र ८०० टक्के झूम करा. झूमने फाइल बदलत नाही, फक्त तुम्हाला जवळून दिसतं. आता एखादी काळी रेषा घ्या आणि तिच्या कडेचे पिक्सेल रंग उचलायच्या ड्रॉपर टूलने एकेक करून तपासा. शुद्ध काळ्याला लागून थेट पार्श्वभूमीचा रंग असेल तर फाइल स्वच्छ आहे. मध्ये दोन-तीन मातकट छटा असतील तर ती फाइल आधीच कधीतरी चुकीच्या पद्धतीने मोठी झाली आहे, नाहीतर जेपेग या फोटोंसाठीच्या फॉरमॅटमधून फिरून आली आहे. अशी फाइल नियरेस्ट नेबरने वाढवली तर तो मळही इमानेइतबारे आठपट होतो. त्यावरचा उपाय पुढे दिला आहे.

चित्र तुम्हीच काढलं असेल आणि तरी कडेला फिक्या छटा असतील तर टूल तपासा. साधा ब्रश कडा मऊ करतो. पिक्सेल आर्टसाठी पेन्सिल टूलच वापरायचं. गिम्प या एडिटरच्या इरेझरलाही ‘हार्ड एज’ नावाचा पर्याय आहे, तो चालू ठेवा. नाहीतर खोडलेल्या जागी अर्धपारदर्शक पिक्सेल उरतात. ते पांढऱ्यावर दिसत नाहीत, पण चित्र गडद पार्श्वभूमीवर ठेवलं की उठून दिसतात.

आणि मूळ फाइलची प्रत करा. मूळ आकारातली, एकपट फाइल हीच खरी कलाकृती. मोठ्या आवृत्त्या तिच्यातून हव्या तेव्हा, हव्या तितक्या काढता येतात. दुरुस्ती करायची झाली तरी ती एकपट फाइलमध्येच करा आणि मोठी प्रत नव्याने काढा. मोठ्या प्रतीत ब्रश फिरवला की लहान-मोठे चौकोन एकाच चित्रात मिसळतात, आणि पिक्सेल आर्ट जाणणाऱ्याला ते पहिल्या नजरेत खटकतं.

गिम्पमध्ये

गिम्प मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, म्हणून त्याचे टप्पे तपशिलाने देतो.

१. फाइल उघडा आणि ‘इमेज’ मेनूतून ‘स्केल इमेज’ निवडा. शेजारी ‘कॅनव्हास साइझ’ नावाचा पर्याय दिसेल, तो वेगळा. त्याने फक्त कागद वाढतो, चित्र नाही.

२. रुंदी-उंचीच्या खान्यांशेजारी एकक निवडायची यादी असते. तिथे पिक्सेलऐवजी ‘पर्सेंट’ निवडा आणि रुंदीत ८०० लिहा. टक्क्यांत काम केलं की पट चुकायचा धोका राहत नाही: शंभराच्या पाढ्यातला आकडा लिहिला की पट पूर्णच येते.

३. दोन खान्यांमधली साखळी जोडलेली आहे ना ते बघा. ती तुटलेली असेल तर फक्त रुंदी वाढते आणि चित्र ताणलं जातं.

४. खाली ‘क्वालिटी’च्या भागात ‘इंटरपोलेशन’ आहे, तिथे ‘नन’ निवडा. सगळं या एका निवडीवर अवलंबून आहे.

५. ‘स्केल’ दाबा.

६. ‘फाइल’ मेनूतून ‘एक्स्पोर्ट अ‍ॅज’ घ्या आणि नावाच्या शेवटी पीएनजी एक्स्टेन्शन द्या. नुसतं ‘सेव्ह’ केलं तर गिम्प स्वतःच्या प्रोजेक्ट फॉरमॅटमध्ये फाइल ठेवतं. ती इतर बहुतेक ठिकाणी उघडत नाही.

कधीकधी स्केलच्या चौकटीत एक सूचना दिसते, की इंडेक्स्ड रंगांचे लेयर, म्हणजे चित्राचे थर, नेहमी इंटरपोलेशनशिवायच मोठे होतात. घाबरू नका, ती आपल्या फायद्याचीच आहे. इंडेक्स्ड चित्रात रंगांची ठरलेली यादी असते आणि प्रत्येक पिक्सेल त्या यादीतल्या एका क्रमांकाकडे बोट दाखवतो. यादीत नसलेली मधली छटा तयार करायला तिथे वावच नसतो.

रोज हेच काम करणाऱ्यांनी प्रेफरन्सेसमधल्या ‘टूल ऑप्शन्स’ भागात जाऊन डिफॉल्ट इंटरपोलेशन ‘नन’ करून टाकावं. एक लेयरच मोठा करायचा असेल तर टूलबॉक्समधलं ‘स्केल’ टूल वापरता येतं. त्याच्या पर्यायांत इंटरपोलेशन पुन्हा वेगळं निवडावं लागतं, आणि घाईत लोक नेमके तिथेच फसतात.

फोटोशॉपमध्ये

‘इमेज’ मेनूतून ‘इमेज साइझ’ उघडा. ‘रीसॅम्पल’वर खूण असू द्या, एकक टक्के करा आणि ४०० किंवा ८०० असा आकडा लिहा. रीसॅम्पलच्या यादीत मुळात ‘ऑटोमॅटिक’ निवडलेलं असतं. ते बदलून ‘नियरेस्ट नेबर’ घ्या, त्याच्यापुढे ‘हार्ड एजेस’ असं लिहिलेलं असतं. यादीतलं ‘प्रिझर्व्ह डीटेल्स’ हे नाव ऐकून तेच आपल्या कामाचं आहे असं वाटतं, पण ते फोटोंसाठी आहे.

रीसॅम्पलवरची खूण काढली तर आकडे बदलताना दिसतील, पण चित्रातले पिक्सेल तितकेच राहतील. तेव्हा फक्त छपाईतला आकार बदलतो.

लेयर ‘फ्री ट्रान्सफॉर्म’ने वाढवत असाल तर वरच्या पट्टीत इंटरपोलेशनची वेगळी यादी असते, तिथेही नियरेस्ट नेबर करा. प्रत्येक वेळी हे आठवत बसायचं नसेल तर प्रेफरन्सेसच्या ‘जनरल’ भागात ‘इमेज इंटरपोलेशन’ कायमचं बदलता येतं. फोटोंचं काम करायच्या आधी मात्र ते परत फिरवा, नाहीतर फोटो खडबडीत होतील.

बाकीची सॉफ्टवेअर

एसप्राइट पिक्सेल आर्टसाठीच बनवलेलं आहे आणि ते वापरायला मिळत असेल तर हा लेख निम्मा वाचायची गरज नाही. ‘स्प्राइट’ मेनूतल्या ‘स्प्राइट साइझ’मध्ये नियरेस्ट नेबर मिळतं. त्याहून सोय म्हणजे ‘एक्स्पोर्ट अ‍ॅज’मध्येच किती टक्के मोठं करायचं ते निवडता येतं: काम एकपट फाइलवर करायचं, मोठी प्रत फक्त बाहेर काढताना. अ‍ॅनिमेशन असेल तर सगळ्या फ्रेम एकदमच मोठ्या होतात. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या पिस्केलमध्येही एक्स्पोर्ट करताना पट निवडायची सोय आहे.

क्रिटामध्ये ‘इमेज’ मेनूतून ‘स्केल इमेज टू न्यू साइझ’ घ्या आणि फिल्टरच्या यादीत ‘नियरेस्ट नेबर’ निवडा. यादीत तो नसेल तर ‘बॉक्स’ घ्या. पूर्ण पटीत मोठं करताना दोघांचं उत्तर एकच येतं. पेंट डॉट नेटमध्ये ‘इमेज’ मेनूतलं ‘रिसाइझ’, आणि रीसॅम्पलिंगच्या यादीत नियरेस्ट नेबर. ब्राउझरमधल्या फोटोपीची मांडणी फोटोशॉपसारखीच आहे.

कुठल्या फॉरमॅटमध्ये ठेवायचं

पीएनजी. त्यात एकही पिक्सेल बदलत नाही, पारदर्शकता टिकते, आणि मोठं केलेलं पिक्सेल आर्ट आकाराच्या मानाने फार कमी जागा घेतं, कारण तोच रंग सलग पुन्हा पुन्हा येत असतो आणि तो दाबून साठवणं पीएनजीला सोपं जातं. अ‍ॅनिमेशनसाठी जिफ चालतं, पण एका फ्रेमला २५६ रंगांची मर्यादा लक्षात ठेवा. पिक्सेल आर्टमध्ये सहसा तेवढे रंग लागतच नाहीत.

जेपेग टाळा. पण कधीकधी निवड आपल्या हातात नसते: आपण पीएनजी चढवतो आणि समोरची वेबसाइट किंवा अ‍ॅप त्याचं परस्पर जेपेग करून टाकतं. अशा ठिकाणी पट हुशारीने निवडली तर नुकसान खूप कमी होतं, आणि हे कसं ते समजून घेण्यासारखं आहे.

जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे पाडतं आणि एकेका तुकड्यातले चढ-उतार अंदाजाने साठवतं. तुकड्याच्या मधोमध कडक सीमा आली की तो अंदाज गडबडतो आणि सीमेभोवती मुंग्या आल्यासारखे ठिपके दिसतात. आता समजा तुम्ही चित्र आठपट केलं आहे. मूळचा एक पिक्सेल म्हणजे बरोबर ८ बाय ८ चा एक तुकडा. तुकड्याच्या आत एकच रंग, चढ-उतार नाहीच, मग गडबडायला जागा उरत नाही. इतकं असूनही रंगांच्या सीमा किंचित फाकलेल्या दिसू शकतात, कारण रंगाची माहिती जेपेग बहुधा निम्म्या बारकाईने साठवतं आणि तिथे एक तुकडा १६ बाय १६ पिक्सेल व्यापतो. म्हणून सोळापट सगळ्यांत सुरक्षित. ६४ बाय ६४ चं चित्र सोळापट केलं की १०२४ बाय १०२४ होतं, आणि हा आकार शेअर करायलाही सोयीचा आहे. कडेला समास सोडणार असाल तर डावा आणि वरचा समास १६ च्या पटीत ठेवा, म्हणजे तुकड्यांची घडी मोडणार नाही. समोरच्या वेबसाइटने चित्राचा आकारच बदलला तर मात्र या सगळ्याचा उपयोग नाही. म्हणून ती किती रुंदीपर्यंतचं चित्र जसंच्या तसं ठेवते ते आधी एक नमुना चढवून बघा.

व्हिडिओतही रंगाची माहिती बहुधा अशीच निम्मी असते, चार पिक्सेलच्या चौकोनाला एक रंग. त्यामुळे व्हिडिओसाठी पट निदान सम तरी ठेवा.

झालं ते बरोबर झालं का

डोळ्यांवर पूर्ण भरवसा ठेवू नका. फोटो बघायची अनेक सॉफ्टवेअर झूम करताना स्वतःच छटा घालतात. विंडोजमध्ये डिस्प्ले स्केलिंग १२५ किंवा १५० टक्के असेल तर निर्दोष फाइलही स्क्रीनवर असमान दिसू शकते. म्हणून फाइल एडिटरमध्येच उघडून तपासा.

खात्रीची तपासणी अशी. मोठ्या चित्राची प्रत घ्या आणि ती नियरेस्ट नेबरने परत मूळ आकारात आणा, आठपट केलं असेल तर १२.५ टक्के. ती मूळ चित्रावर नवा लेयर म्हणून ठेवा आणि लेयरचा मोड ‘डिफरन्स’ करा. हा मोड दोन लेयरच्या रंगांची वजाबाकी दाखवतो. चित्र ठार काळं झालं तर मूळ चित्र जसंच्या तसं परत मिळतंय. कुठे फिकट ठिपका दिसला तर तिथे काहीतरी बदललं आहे.

आधीच मोठं किंवा धूसर झालेलं चित्र

मूळ फाइल हरवली आहे आणि हाती फक्त मोठी प्रत आहे, ही अडचण नेहमीची. प्रत स्वच्छ असेल तर मूळ चित्र पूर्णपणे परत मिळतं. चित्रातला सगळ्यांत लहान चौकोन शोधा आणि त्याची रुंदी पिक्सेलमध्ये मोजा. ७६८ पिक्सेल रुंद चित्रात तो १२ पिक्सेलचा निघाला तर मूळ रुंदी ६४. स्केलमध्ये ६४ लिहा, इंटरपोलेशन ‘नन’ ठेवा, आणि मूळ चित्र हाती आलं.

भागाकार पूर्ण जात नसेल तर चित्र कुठेतरी कापलेलं आहे. डावीकडचा आणि वरचा पहिला चौकोन अर्धवट आहे का बघा. तो क्रॉप करून टाका, म्हणजे डावा-वरचा कोपरा पूर्ण चौकोनापासून सुरू होईल. उजव्या आणि खालच्या बाजूलाही तसंच करा आणि मग लहान करा.

धूसर प्रतीवरही हाच उपाय बराच चालतो. मळ मुख्यतः चौकोनांच्या कडांवर साचलेला असतो, तर इंटरपोलेशनशिवाय लहान करताना रंग चौकोनाच्या मध्याजवळून उचलला जातो. पट आठ किंवा बारा अशी मोठी असेल तर कडांचा मळ आपोआप गळतो. उरतात ते एकाच रंगाचे किंचित वेगळे भाऊबंद. त्यांच्यासाठी गिम्पमध्ये ‘इमेज’ मेनूतल्या ‘मोड’मधून ‘इंडेक्स्ड’ निवडा, रंगांची संख्या १६ किंवा चित्राला साजेल तितकी ठेवा आणि डिदरिंग, म्हणजे ठिपके मिसळून मधल्या छटेचा भास करणं, ‘नन’ करा. जवळजवळच्या छटा एकत्र येतात. त्यानंतर पेन्सिल घेऊन हाताने राहिलेलं निस्तरा. हे काम चिकाटीचं आहे, पण ६४ बाय ६४ च्या चित्राला ते झेपतं.

चित्र दुसऱ्या कुणाचं असेल तर एवढा खटाटोप करण्याआधी त्या कलाकाराकडे एकपट फाइल मागा. वापरायची परवानगीही त्याच वेळी विचारून होते.

पिक्सेल चौकोनी नव्हते तेव्हा

जुन्या गेमचे स्क्रीनशॉट मोठे करणाऱ्यांसाठी हे खास. विंडोजच्या आधीच्या डॉस या सिस्टिमच्या काळातला ३२० बाय २०० चा मोड ४:३ आकाराच्या मॉनिटरवर पूर्ण स्क्रीन भरून दिसायचा, म्हणजे त्याचे पिक्सेल रुंदीपेक्षा उंचीला जास्त होते. ते चित्र आज सरळ चौपट केलं तर माणसं बुटकी आणि वर्तुळं चपटी दिसतात. उपाय सुंदर आहे: रुंदी पाचपट करा, उंची सहापट. ३२० चे १६०० होतात, २०० चे १२००, आणि गुणोत्तर बरोबर ४:३ येतं. दोन्ही पटी पूर्ण, त्यामुळे कडा शाबूत. यासाठी रुंदी-उंचीमधली साखळी मुद्दाम तोडावी लागते, एरवी कधीच नाही.

छपाईसाठी

६४ पिक्सेल रुंद चित्र ८ इंच रुंदीत, ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, छापायचं आहे. लागतात २४०० पिक्सेल, आणि २४०० भागिले ६४ येतं साडेसदतीस. इथे पट वाकवण्यापेक्षा डीपीआय वाकवा. अडतीसपट करा, २४३२ पिक्सेल होतील, आणि रिझोल्यूशन ३०४ ठेवा. कागदावर बरोबर ८ इंच येतं. छपाईला कधीही एकपट फाइल देऊ नका. तिथलं सॉफ्टवेअर ती आपल्या पद्धतीने मोठी करेल, आणि ती पद्धत कुठली असेल ते आपल्या हातात नसतं.

हुशार स्केलर आणि फिरवणं

स्केल-टू-एक्स, एचक्यू-टू-एक्स, एक्सबीआर अशा नावांच्या पद्धती तुम्हाला भेटतील. त्या पायऱ्या-पायऱ्यांच्या तिरक्या रेषा ओळखून गुळगुळीत करतात आणि जुने गेम आजच्या कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या एम्युलेटरमध्ये लोकप्रिय आहेत. त्या चित्र लिनिअरइतकं धूसर करत नाहीत हे खरं, पण आकार बदलतात. एका पिक्सेलचा डोळा गोल ठिपका होतो, मुद्दाम ठेवलेली पायरी उतरण होते. कुणाला ते रूप आवडत असेल तर जरूर वापरावं. माझं मत असं, की दुसऱ्याच्या चित्रावर ते त्याच्या संमतीशिवाय लावू नये.

फिरवण्यातही तोच धोका असतो. ९०, १८० किंवा २७० अंशांत फिरवलं तर पिक्सेल जसेच्या तसे राहतात. बाकी कुठल्याही कोनात पुन्हा इंटरपोलेशन आलं. एसप्राइटमधली ‘रॉटस्प्राइट’ पद्धत अशा वेळी सर्वांत कमी बिघडवते, तरी फिरवल्यानंतर हाताने सफाई करावी लागतेच. फिरवणं आणि मोठं करणं दोन्ही असेल तर आधी एकपट आकारात फिरवा, साफ करा, आणि मोठं सगळ्यात शेवटी करा.

वेबपेज आणि गेममध्ये वापरताना

इथे फाइल मोठी करायची गरजच नसते. वेबपेजवर एकपट चित्र ठेवा आणि सीएसएसमध्ये, म्हणजे पेजचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, ‘इमेज-रेंडरिंग’ या गुणधर्माला ‘पिक्सेलेटेड’ ही किंमत द्या. ब्राउझर मग मधले रंग घालत नाही. रुंदी मात्र पूर्ण पटीतच लिहा.

युनिटी आणि गोडो ही गेम बनवायची सॉफ्टवेअर. युनिटीमध्ये चित्राच्या इम्पोर्ट सेटिंग्जमध्ये ‘फिल्टर मोड’ला ‘पॉइंट’ निवडा आणि ‘कम्प्रेशन’ला ‘नन’. दुसरं विसरलं की कडा कडक राहूनही रंग डागाळतात, आणि कारण लवकर सापडत नाही. गोडो ४ मध्ये प्रोजेक्ट सेटिंग्जच्या ‘रेंडरिंग’ भागात, ‘टेक्स्चर्स’खाली, डिफॉल्ट टेक्स्चर फिल्टर ‘नियरेस्ट’ करा. सगळ्या गेमसाठी एकच पट ठरवा. नायक चौपट, शत्रू तिप्पट आणि झाडं दुप्पट असं केलं तर प्रत्येक चित्र स्वतंत्रपणे स्वच्छ असूनही स्क्रीन विसंगत दिसते. शत्रू मोठा हवा असेल तर तो जास्त पिक्सेल घेऊन नव्याने काढा.